अकरा जणांत ‘फार ईस्ट स्वीट’ बसवताना: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

ठरलं एकदाचं. २७ एप्रिलच्या रविवारी आपल्या बँडचा कार्यक्रम, आणि त्यात अमेरिकन जॅझ बँडमास्तर ड्यूक एलिंग्टनच्या ‘फार ईस्ट स्वीट’मधले (स्वीट म्हणजे suite, तुकड्यांची मालिका) तीन तुकडे वाजवायचे. ड्यूकचा वाढदिवस खरा २९ एप्रिलला पण यंदा २९ ला मंगळवार येतोय, आणि मंगळवारी संध्याकाळी पुण्यात दहा नोकरदार माणसं वेळेवर एका ठिकाणी आणायची म्हणजे अवघडच, म्हणून दोन दिवस आधी.

ही रेकॉर्ड माझ्याकडे कॉलेजपासून आहे, आधी कुणीतरी भरून दिलेली कॅसेट होती, मग सीडी घेतली, आता फोनवर. इतकी वर्षं ऐकतेय पण ऐकणं वेगळं आणि बसवणं वेगळं, म्हणून या वेळी काम जसं होईल तसं लिहून ठेवायचं ठरवलंय. उद्या दुसऱ्या कुणाला करावंसं वाटलं तर त्याचे चार रविवार तरी वाचतील.

आमची माणसं: ट्रंपेट दोन, ट्रॉम्बोन एक, आल्टो सॅक्स दोन, टेनर एक, क्लॅरनेटवर काका, कीबोर्डवर मी, बेस गिटार, ड्रम. एकूण दहा. ड्यूककडे या रेकॉर्डिंगला पंधरा होते: ट्रंपेट चार, ट्रॉम्बोन तीन, सॅक्स-क्लॅरनेटवाले पाच, पियानो, बेस, ड्रम. म्हणजे पाच माणसांचे स्वर कुठेतरी सोडायचे किंवा दुसऱ्याच्या तोंडी द्यायचे. सगळं काम त्यातच आहे.

९ जानेवारी

ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं की हेच का, ड्यूकचं इतकं सोपं आणि लोकांना माहीत असलेलं पडलंय की. म्हणून रात्री बसून सविस्तर लिहिलं, तेच इथे ठेवते.

१९६३ च्या सप्टेंबरात अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र खात्याने ड्यूकच्या बँडला दौऱ्यावर पाठवलं. शीतयुद्धाचा काळ, अमेरिकेची बाजू जगाला चांगली दिसावी म्हणून जॅझवाल्यांना देशोदेशी धाडायचे, ते १९५६ पासून चालू होतं. दमास्कसपासून सुरुवात, मग अम्मान, काबूल, दिल्ली, हैदराबाद, बंगलोर, मद्रास, मुंबई, कलकत्ता, कोलंबो, लाहोर, कराची, तेहरान, इस्फहान, बगदाद, बैरूत. दिल्लीत ड्यूक आजारी पडला, हॉस्पिटलात राहावं लागलं, तेव्हा पियानोवर बिली स्ट्रेहॉर्न बसला, जो ड्यूकचा जवळजवळ तीस वर्षांचा जोडीदार, निम्म्या रचना कुणाच्या हे दोघांनाच माहीत असावं इतका जवळचा. आणि हे सगळं चालू असताना तिकडे अलाबामात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब टाकून चार काळ्या मुलींना मारलं होतं, त्याच सप्टेंबरात. म्हणजे ज्या देशात आपल्या माणसांना असं जगावं लागतं त्या देशाचे दूत म्हणून ही माणसं हसतमुखाने फिरत होती, आणि गावोगावी लोक त्यांना त्याबद्दल विचारतही होते. नोव्हेंबरच्या २२ तारखेला बँड अंकाराला असताना केनेडींची हत्या झाली आणि दौरा तिथेच थांबवला.

रेकॉर्डिंग झालं तीन वर्षांनी, न्यूयॉर्कला, १९, २० आणि २१ डिसेंबर १९६६. ड्यूक ६७ वर्षांचा. रेकॉर्ड आली १९६७ मध्ये, तिला ग्रॅमी मिळालं १९६८ मध्ये, आणि त्याआधीच, ३१ मे १९६७ ला, स्ट्रेहॉर्न कॅन्सरने गेला, वय ५१. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं मोठं काम हे.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की दौऱ्याहून परत आल्यावर ड्यूकने लगेच सतार-तबला आणून भारताचं गाणं असं काही केलं नाही. तो म्हणायचा की बघितलेलं-ऐकलेलं आत मुरू द्यायचं, त्याचं आत काहीतरी बदलू द्यायचं, आणि मग ते कागदावर झिरपेल तेव्हा जे वादक वाजवणार आहेत त्यांना मानवेल अशा रूपात झिरपेल. हे शेवटचं वाक्य मी कित्येक वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि काल परत सापडलं. वाजवणाऱ्याला मानवेल असं. हे लक्षात ठेवायचं.

(नाव मात्र मला पटत नाही. ‘फार ईस्ट’ म्हणायचं आणि आत इराण, लेबनॉन, दिल्ली, आग्रा! नऊपैकी जपानचा तेवढा शेवटचा एकच, तो १९६४ च्या जपान दौऱ्यानंतरचा. पण नाव त्यांनी ठेवलंय, आपण तेच म्हणायचं.)

१२ जानेवारी

तुकडे ठरले. ‘इस्फहान’, ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ आणि ‘आग्रा’. टेनरवाल्या दादाला ‘माउंट हरिसा’ हवं होतं, त्यात पॉल गोन्साल्विसचा टेनर आहे म्हणून. मलाही हवं होतं पण साडेसात मिनिटांचं आहे, पहिल्याच वेळी झेपणार नाही. बाजूला ठेवलंय, टाकलेलं नाही.

गोन्साल्विस आडनाव ऐकून ट्रंपेटवाल्याने, जो मडगावचा, लगेच विचारलं गोंयकार काय? नाही, त्याचे आईवडील केप व्हर्देकडचे, तो अमेरिकेतच जन्मला. पण पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे हीच आडनावं राहिली आणि दोन्हीकडच्या पोरांच्या हातात पितळी वाद्यं आली, हे खरंच आहे. मुंबईत ताजच्या बॉलरूममध्ये तीसच्या दशकात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकन काळे बँडमास्तर आले, त्यांच्या आसपास गोव्याची पोरं शिकली आणि पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ट्रंपेटवाला चिक चॉकलेट यांची जोडी त्यातलीच. ट्रंपेटवाला म्हणाला त्याच्या आजोबांच्या घरी चिक चॉकलेटचा फोटो भिंतीवर होता. आता घर विकलं, फोटो कुठे गेला माहीत नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ वाटून झाल्यावर रात्री ‘इस्फहान’ उतरवायला बसले. चार मिनिटांचं गाणं, ३२ बार (म्हणजे तालाची ३२ घरं). पट्टी बघा: डी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी एक! मी लहानपणी पेटीवर काळी एकमध्येच शिकले, बोटं आपोआप गेली. नोटेशनवाले घाबरतात पाच फ्लॅट (कोमलच्या खुणा) बघून, पण आल्टो सॅक्सच्या कागदावर तेच बी फ्लॅट होतं म्हणजे दोनच फ्लॅट, अगदी सुखाचं. क्लॅरनेट-टेनर-ट्रंपेटला ई फ्लॅट, तीन. वाजवणाऱ्यांच्या बोटांची सोय बघून पट्टी धरलीय असं वाटतं.

मुख्य स्वर पहिल्या बैठकीत उतरले. मागचे सॅक्स आणि ट्रॉम्बोन काही केल्या सुटे होत नाहीत. ७० टक्के वेगाने लावलं, मग ५०. ५० वर सगळा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो. हेडफोन लावून एकदा फक्त वरचा स्वर ऐकायचा, एकदा फक्त तळाचा, मग मधले अंदाजाने घालून म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरवर वाजवून बघायचं. तीन तासांत आठ बार.

१७ जानेवारी

मधले स्वर सापडत नव्हते त्याचं कारण सापडलं. मी धरून चालले होते की बॅरिटोन सॅक्स सगळ्यात जाड वाद्य म्हणजे तो कॉर्डचा (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) सा धरणार. तसं नाहीये. ड्यूक आणि स्ट्रेहॉर्न दोघंही त्यांच्या बॅरिटोनवाल्या हॅरी कार्नीला खूपदा भलताच स्वर देतात, कॉर्डच्या पोटातला, जो दुसरा कुणी पातळ वाद्यावर देईल, आणि तो कार्नीच्या त्या जाड दाणेदार आवाजात आला की अख्ख्या कॉर्डचा रंग बदलतो. मी तो स्वर आल्टोत शोधत बसले होते. बॅरिटोनला दिल्याबरोबर जागेवर बसलं. रात्रीचे दीड वाजले होते आणि मी घरात एकटी टाळ्या वाजवल्या.

१९ जानेवारी

पहिली तालीम. क्लॅरनेटवाल्या काकांबद्दल आधी लिहायला हवं. वय ६१, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवलंय, वरात, गणपती, पालखी, सगळं. नोटेशन येत नाही, सरगम येते, आणि एकदा ऐकलेलं गाणं विसरत नाहीत. गेल्या वर्षी आमची तालीम चालू असताना बाहेर उभं राहून ऐकत होते, मग आत आले, तेव्हापासून येतात.

त्यांना ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ दिलं. त्याची गोष्ट अशी की दिल्लीला स्ट्रेहॉर्नच्या खोलीपाशी एक मैना रोज एकच गोड लकेर घ्यायची, तीच लकेर त्याने गाण्यात घेतली. जिमी हॅमिल्टन क्लॅरनेटवर मैना होतो. बँड खालून पुढे पुढे जात राहतो, रंग बदलत राहतो, आणि मैना मात्र परत परत आपलं तेच म्हणते, पक्ष्याला बँडशी काय घेणं. मला हा तुकडा फार आवडतो.

हॅमिल्टनचा आवाज कसा, तर घासून पुसून स्वच्छ काच. शास्त्रीय शिस्तीचा, कुठे थरथर नाही, प्रत्येक स्वर सुटा. काकांचा आवाज सनईसारखा रुंद, स्वर खालून उचलून घेणार, सोडताना हलवणार. चार वेळा वाजवलं. मी चारही वेळा थांबवलं, म्हटलं काका सरळ लावा, मींड नको. काका काही बोलले नाहीत, प्रत्येक वेळी मान हलवून परत वाजवायचे आणि परत तसंच यायचं. शेवटी वेळ संपली.

२० जानेवारी

काल रात्री झोप नीट लागली नाही. काकांना चार वेळा सगळ्यांसमोर थांबवलं ते बरोबर केलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर काकांकडे गेले. खोलीत खाटेवर पेटी उघडून दाखवली. क्लॅरनेट मेरठचं, जाली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात तिथलं, वडिलांनी घेतलेलं. जोडावर बुचाऐवजी मेण लावलेला दोरा गुंडाळलेला, एका चावीची स्प्रिंग तुटलेली तिथे रबरबँड, आणि रीड ब्लेडने तासून पातळ केलेली, एक रीड सहा महिने चालवतात. मी चाव्या मोजल्या तर कमी वाटल्या. नीट बघितलं तर हे जुन्या अल्बर्ट पद्धतीचं क्लॅरनेट, आजकाल सगळीकडे बोएम पद्धतीचं असतं तसं नाही. याची भोकं मोठी, बोट अर्धवट उचलून स्वर घसरवता येतो. बोएमवर तोच स्वर जागेवर पक्का बसतो.

आणि तिथेच डोक्यात लख्ख झालं. ड्यूकच्याच बँडमध्ये रसेल प्रोकोप होता, या रेकॉर्डवर पण आहे, तो क्लॅरनेट वाजवायचा ते अल्बर्ट पद्धतीचं! त्याच्या आधी बार्नी बिगार्ड होता, तोही अल्बर्टवालाच. न्यू ऑर्लिन्सचा तो जुना, लाकडाचा वास असलेला आवाज याच वाद्यातला. म्हणजे एकाच बँडमध्ये एका खुर्चीवर हॅमिल्टनची काच आणि दुसऱ्या खुर्चीवर प्रोकोपचं लाकूड, आणि ड्यूक दोघांना वेगवेगळं लिहायचा. हॅमिल्टनचं गाणं प्रोकोपला देऊन त्याला ‘हॅमिल्टनसारखं वाजव’ असं तो म्हणाला नसता. मी मात्र काकांना चार वेळा तेच म्हणत होते.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं, प्रोकोप, प्रोकोप. मग म्हणाले, “ताई, ते कागद ऱ्हाऊ द्या बाजूला. मैना कशी बोलती ते मला म्हाईत हाये की.” आणि वाजवलं. हॅमिल्टनपेक्षा हळू, दुसऱ्या स्वराला खालून हात घातलेला, शेवट किंचित हलता सोडलेला. ती दिल्लीची नसेल मैना. पण मैनाच होती. खिडकीबाहेर तारेवर दोन साळुंक्या होत्या आणि काका मधे थांबून त्यांच्याकडे बघून हसले.

चहा झाला. गाण्याचा वेग ठरवला, मूळपेक्षा बराच कमी.

२ फेब्रुवारी

आता सगळेच कागद नव्याने करतेय. आधी वर लिहिलं होतं ‘आल्टो १’, ‘ट्रंपेट २’ असं. ड्यूकचे कागद वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्यूझियमने १९८८ मध्ये घेतले, त्यात बऱ्याच पानांवर वाद्याच्या जागी माणसाचं नाव असतं. आल्टोवाल्या जॉनी हॉजेसच्या पानावर ‘रॅब’, कारण त्याला रॅबिट म्हणायचे. मीही आता नावं घातली. नाव घातलं की हात आपोआप वेगळं लिहितो, हे मला माहीत नव्हतं. ‘ट्रंपेट २’ला मी कितीही उंच स्वर लिहिले असते, पण कागदावर त्या पोराचं नाव आल्यावर आठवतं की याचं दाताचं काम चाललंय, वर जायला त्रास होतो, पण मधल्या पट्टीत म्यूट (आवाज दबवायचं बूच) लावून काय सुंदर वाजवतो. मग मधल्या पट्टीतच लिहिलं, म्यूट लावून.

९ फेब्रुवारी

‘आग्रा’चा प्रश्न. अडीच मिनिटांचा तुकडा पण सगळा हॅरी कार्नीच्या खांद्यावर. ताजमहालवर लिहिलंय आणि ते दिलंय कुणाला, तर बॅरिटोन सॅक्सला. दुसऱ्या कुणीही बासरी नाहीतर व्हायोलिन घेतलं असतं. पण ताजमहाल म्हणजे नुसतं चांदणं नाही, केवढा दगड आहे तो! कार्नीच्या आवाजात ते वजन आहे. हा माणूस १९२७ मध्ये सतरा वर्षांचा असताना ड्यूककडे आला तो ड्यूक जाईपर्यंत म्हणजे १९७४ पर्यंत तिथेच, सत्तेचाळीस वर्षं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना बाकी बँड बसने आणि ड्यूक कार्नीच्या गाडीत, कार्नी चालवणार. ड्यूक मे १९७४ मध्ये गेला आणि कार्नी त्याच ऑक्टोबरात. हे वाचलं की मला पुढे काही वाचवत नाही.

आमच्याकडे बॅरिटोन नाही. पुण्यात भाड्याने मिळतो का विचारलं, एका दुकानाने हो म्हणून दोन आठवडे फिरवलं, मग नाही म्हणाले. टेनरवर वाजवून बघितलं, हलकं वाटतं.

१६ फेब्रुवारी

काकांनी उत्तर आणलं. पुतण्या. वय २४, त्याच लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम (जाड आवाजाचं पितळी वाद्य) वाजवतो. आजवर त्याने कधी मुख्य चाल वाजवलेली नाही, मागे उभं राहून नुसता ठेका आणि सा-प धरायचा. आला तो दाराशीच उभा, आत यायला तयार नाही. ड्रमवाल्याने हाताला धरून बसवलं.

‘आग्रा’ ऐकवलं, दोनदा. म्हणाला, “हे ह्या बाजावर व्हईल.” एवढंच. आणि वाजवलं पहिलं वाक्य. सॅक्सची ती करकर नाही यात, मऊ आहे, पण वजन आहे, आणि श्वास इतका लांब की आमचा टेनरवाला दादा बघत राहिला. तीन-तीन तास वरातीत चालत वाजवलेली छाती आहे ती.

अडचण तळाची. तीन वॉल्व्हचं युफोनियम तळाला ई पर्यंत जातं, जुन्या पद्धतीचा बॅरिटोन सॅक्स डी फ्लॅटपर्यंत. तीन स्वर कमी पडतात, आणि जिथे कार्नी तळाशी जाऊन बसतो तिथेच ते लागतात. अख्खा तुकडा वर चढवला तर बाकीच्यांच्या पट्ट्या बिघडतात. विचार चालू.

आम्ही आता अकरा.

२३ फेब्रुवारी

लग्नसराई. काका आणि पुतण्या दोघंही नाहीत. बाकीच्यांनी ‘इस्फहान’.

‘इस्फहान’बद्दल एक सांगायचं राहिलं. हे स्ट्रेहॉर्नने दौऱ्याच्या आधीच लिहिलं होतं, तेव्हा नाव होतं ‘एल्फ’. म्हणजे इस्फहान बघून सुचलेलं नाहीच. पण लिहिलं होतं ते जॉनी हॉजेससाठी, आणि हॉजेसच्या त्या ओठांनी ओढलेल्या मींडेला नंतर त्यांनी जगातल्या एका सुंदर गावाचं नाव दिलं. कुणाला हे फसवल्यासारखं वाटेल, मला तसं वाटत नाही. घरात मुलगी आधी जन्मते, नाव बाराव्या दिवशी ठेवतात.

आमची आल्टोवाली १९ वर्षांची, सेकंड इयरला. तिचा आवाज सरळ, बारीक, अजून थोडा बुजरा. हॉजेससारखी मींड घ्यायला गेली की स्वर घसरतो आणि ती लाल होते. काकांचा धडा ताजा होता म्हणून तिला थांबवलं नाही. म्हटलं तुला कसं येतं तसं वाजव, सरळ. वाजवलं सरळ. आणि मग मी कीबोर्डवरचे कॉर्ड कमी केले, दोन्ही ट्रंपेट काढूनच टाकले, मागे फक्त ट्रॉम्बोन, टेनर आणि दुसरा आल्टो. तिच्या आवाजाभोवती मोकळी जागा झाली. एका जागी सगळे थांबतात आणि ती एकटी राहते, तिथे ती घाबरून किंचित उशिरा आली, आणि तो उशीरच इतका चांगला वाटला की मी पेन्सिलने कागदावर लिहून ठेवलं: इथे घाई नाही.

९ मार्च

‘आग्रा’चा तळ सुटला. ते तीन स्वर बेस गिटारला दिले, पण बेसवाल्याला तार छेडताना आवाज शून्यावर ठेवून मग हळूहळू वर आणायला सांगितलं, म्हणजे तार छेडल्याचा आवाज येत नाही, स्वर जमिनीतून उगवल्यासारखा येतो. युफोनियम ई वर थांबतं आणि खालून बेस ते पुढे नेतं. पाचव्या वेळी जोड दिसेनासा झाला. पुतण्याने पहिल्यांदाच मान वर करून बेसवाल्याकडे बघितलं.

तालमीच्या जागेवर शेजाऱ्यांची तक्रार आली. नऊनंतर पितळ बंद. मान्य केलं.

२३ मार्च

काकांसाठी आणि पुतण्यासाठी सगळं सरगममध्ये लिहिलं. काळी एक सा धरून ‘इस्फहान’ लिहिलं आणि काकांना सांगितलं की तुमच्या बोटांना हा सा काळी दोनचा. “मंग सरळ सांगा ना, काळी दोन,” म्हणाले, आणि बसले वाजवायला. मी आठवडाभर घालवला होता ते समजावायचं कसं या विचारात.

एक गोष्ट सरगममध्ये लिहिता येत नाही, ती म्हणजे बँडने एकदम मिळून मोठं-बारीक होणं. नोटेशनमध्ये त्याला खुणा आहेत. आम्ही हाताने ठरवलं, मी डाव्या हाताने वर-खाली दाखवणार. पण काका कागदाकडे बघतच नाहीत, डोळे मिटून वाजवतात, हात दिसणार कसा? शेवटी ड्रमवाला झांजेवर हलका इशारा देणार असं ठरलं. कानाला कळतं ते.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून सगळे थोडा वेळ जमलो, तालीम नाही, नुसतं ऐकलं. अख्खी रेकॉर्ड, पहिल्यापासून. ‘अमाद’मध्ये लॉरेन्स ब्राउनचा ट्रॉम्बोन येतो, अजानसारखा लांब हाक मारणारा, तेव्हा आमचा ट्रॉम्बोनवाला म्हणाला पुढच्या वर्षी हे. ‘ब्लू पेपर’ला मडगावचा ट्रंपेटवाला उठून उभाच राहिला, कॅट अँडरसनचे ते वरचे स्वर ऐकून. काका सगळा वेळ गप्प. शेवटी विचारलं, “ह्यातला प्रोकोप कुठला?” मला हातावर दाखवता येईना, सॅक्सच्या थव्यात आहे तो, सगळ्यांत मिसळलेला. तसंच सांगितलं. काका म्हणाले, “बरोबर आहे. बँडात असंच असतंय.”

१३ एप्रिल

तिन्ही सलग. ‘ब्लूबर्ड’मध्ये मैनेची लकेर आणि खालचा बँड एकमेकांत अडकत होते कारण वेग कमी केल्यावर खालचे स्वर फार लांब वाटायला लागले. बँडचे स्वर तोडले, अर्धे केले, मधे हवा ठेवली. आता मैना मोकळी.

२० एप्रिल

शेवटची तालीम. पुतण्याला लग्न होतं, तो रात्री साडेआठला बँडच्या लाल कोटातच आला, अर्धा तास वाजवून गेला. २७ ला दोघांनाही मुहूर्त आहे, पण सकाळचा. बँडमालकांशी काका स्वतः बोलले.

कार्यक्रमाच्या कागदावर सगळ्यांची नावं आणि वाद्यं छापायची होती. काकांच्या नावापुढे काय लिहायचं विचारलं. “क्लॅरनेट, अल्बर्ट” म्हणाले. तसंच छापलं.

२८ एप्रिल

काल झालं. साधारण ऐंशी माणसं. क्रम ‘ब्लूबर्ड’, ‘इस्फहान’, ‘आग्रा’.

‘ब्लूबर्ड’ तालमीपेक्षाही हळू गेलं, ड्रमवाल्याने काकांच्या श्वासाबरोबर ठेवलं. तिसऱ्यांदा लकेर आली तेव्हा पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, “आई, पक्षी!” काकांचे डोळे मिटलेलेच होते.

‘इस्फहान’ला आल्टोवाली त्या एकट्या जागेवर तालमीपेक्षा अजून थोडी उशिरा आली. मला वाटलं विसरली. विसरली नव्हती, ती मुद्दाम थांबली होती. नंतर विचारलं तर म्हणाली तुम्हीच लिहिलंय ना कागदावर.

‘आग्रा’ला एक चूक झाली, माझी. दुसऱ्या भागात कॉर्ड अर्धा बार आधी बदलला. बेसवाला लगेच माझ्याबरोबर आला म्हणून निभावलं. पुतण्या मात्र कुठेच हलला नाही, शेवटचा स्वर त्याने इतका लांब धरला की मी हात खाली आणायचा विसरले. स्वर संपला तेव्हा काका मागून पुढे झाले आणि त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

निघताना काकांनी त्यांचं नाव वर लिहिलेला सरगमचा कागद चार घड्या करून क्लॅरनेटच्या पेटीत ठेवला, मेणाच्या दोऱ्याच्या रिळाखाली.

मे महिन्यात दोघंही दिसणार नाहीत, लग्नं आहेत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ‘माउंट हरिसा’ काढायचं, टेनरवाल्या दादाला शब्द दिलाय. सुरुवातीचा पियानो आज रात्री उतरवायला घेते.